फिरवलेला ट्रे

देहूरोडच्या लष्करी मेसमधला तो खानसामा पार्टीसाठी सॉसेज आणि चीज मैद्याच्या पारीत गुंडाळून भट्टीत भाजायचा. मग ट्रे घेऊन स्वतःच पाहुण्यांत फिरायचा. तोंडाकडे न बघता, हातांकडे बघत नुसतं "घ्या" म्हणायचा.

मी नव्या कॅप्टनची बायको, माळकरी घरातली. पहिल्या पार्टीत मोठ्या साहेबांच्या बायकोसमोर मला नको म्हणवेना. मी एक गुंडाळी उचलली आणि रुमालात लपवली.

पुढच्या पार्टीत माझ्यासमोर येताच त्याने ट्रे हळूच फिरवला. मी उचललेल्या गुंडाळीत चीज होतं आणि उकडलेला बटाटा. मी सगळ्यांदेखत खाल्ली.

मग दर पार्टीला तेच. एकदा न राहवून विचारलं, तर माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "ट्रे तापल्याला असतोय, बाईसाहेब. हात बदलावा लागतो."