सात ते चार

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात आणि वाचा दोन्ही एकाच सकाळी गेली. नगरला वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी मला स्पष्टच सांगितलं, पहिले सहा महिने महत्त्वाचे, जे शब्द यायचे ते बहुतेक तेवढ्यातच येतील. तिच्या आवडीचं काहीतरी रोज समोर ठेवा, तिला बोलावंसं वाटलं पाहिजे. मी जामखेडला घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो, आणि मला प्रोग्रॅम लिहिण्यापलीकडे काही येत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी म्हणजे लिस्प.

लिस्प ही प्रोग्रॅमिंगची एक जुनी भाषा, मी हौसेपोटी शिकलेली. तिच्यात कंसाच्या पोटात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस, म्हणून ऑफिसातले मला कंसमामा म्हणतात. तिच्यात चित्राचा नियम तेवढा लिहायचा आणि थोडं दैवावर सोडायचं. मग दर वेळी नवं चित्र निघतं. आईची आवड म्हणजे दारातली रांगोळी. तिच्या रांगोळीच्या वहीत बहुतेक पानांवर '७ ते ४' लिहिलेलं होतं. मी शहाण्याने नियम केला, सात ओळी, प्रत्येक ओळीत चार ठिपके, रेघा कुठून कुठे न्यायच्या ते लॅपटॉपने ठरवावं.

पहिली रांगोळी उमटली तेव्हा मला रडू फुटायचंच बाकी होतं. आईने ती पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी रंग घातले, रेघांना गोलाई दिली, पाकळ्या केल्या, कामाला दांड्या मारून शेकडो रांगोळ्या काढल्या. तिचं तोंड भिंतीकडेच. एकदा तर मी तिच्यावर ओरडलो की निदान बघ तरी. ज्या बाईला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं तिच्यावर ओरडलो. त्याची लाज अजून जात नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी तिने स्क्रीनकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "न्हाई."

शब्द अगदी स्वच्छ होता. मी बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच धावत आली, आईला जवळ घेतलं, मग स्क्रीनकडे पाहिलं. हे काय काढलंय, असं तिने विचारलं. मी म्हणालो, सात ते चार.

"अवो, ही सात ते चार न्हाई. मधल्या ओळीत सात, मग खाली-वर सहा, पाच, चार. अन् ठिपका दोन ठिपक्यांच्या मधी येतो. हे तर कुनीबी सांगितलं असतं."

कुणीही सांगितलं असतं, पण मी विचारलं कुणाला? जन्मभर त्या रांगोळीला वळसा घालून चपला काढल्या आणि ठिपके कसे मांडतात ते एकदाही पाहिलं नाही. चार महिने आईसमोर चूक धरून बसलो होतो. प्रत्येक ओळ अर्ध्या घराने सरकवायला एक कंस वाढवावा लागला. अठ्ठावीसचे सदतीस ठिपके झाले. आईने ती रांगोळी पाहिली, डाव्या हाताचं बोट तिच्या कडेकडेने फिरवलं आणि ती शांत झाली. मी दोन दिवस वाट पाहिली, पण ती काही बोलली नाही. बरोबर असलेल्या गोष्टीवर बोलायचं काय?

म्हणून मी मुद्दाम चुका करायला लागलो. प्रोग्रॅमला सांगितलं, रोज एक ठिपका रेघेबाहेर ठेव. आई बघायची, आठ्या घालायची आणि म्हणायची, "न्हाई." तेवढ्यावर माझा दिवस जायचा. बायको म्हणाली, तिला छळताय तुम्ही. खरंच होतं ते, पण तिच्याकडून दुसरा शब्द निघत नव्हता, आणि सहा महिने संपत आले होते.

परवा मी अगदी मधोमधचा ठिपका रेघेबाहेर सोडला. आंधळ्यालाही दिसावा असा. आईने बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, डावा हात माझ्या गालावरून फिरवला आणि छान झाली म्हणून मान डोलावली. आजवर कुणाची चुकलेली रांगोळी तिने चालवून घेतली नव्हती.