रिकामं भांडं

महाडच्या तांबटआळीत कुशाबाच्या हातोडीपेक्षा त्याची जीभ जास्त वाजे. घागर ठोकून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो “मग तूच घडव,” म्हणून वाटेला लावी. पण त्याच्या कामात आजवर कुणी खोट काढली नव्हती. नाव हीच त्याची कमाई.

म्हणून १९६३च्या दिवाळीनंतर मुंबईच्या प्रयोगशाळेतले साहेब तांब्याचा डबा परत घेऊन आले, तेव्हा त्याचं टाळकं सटकलं. पावसाआधी त्यानंच तो घडवला होता. गोल, झाळून बंद केलेला, दोन्ही बाजूंना करंगळीएवढं भोक. असे आणखी तीन हवे होते. प्रोटॉन नावाचे डोळ्यांना न दिसणारे कण मोठ्या कड्यात गोल फिरवायचे, हे साहेबांनी तेव्हाच समजावलं होतं. कड्यावर बसवलेल्या या डब्यात विजेची लाट उसळते आणि दर फेरीला कणांना अचूक वेळी ढकलते, झोपाळ्याला झोका द्यावा तशी. एक थवा वेगात आणून फिरता ठेवायचा, मग दुसरा त्याच्या शेजारी आणायचा, मग तिसरा. असा साठा करायचा.

“म्हंजे मळणीची पात,” कुशाबा म्हणाला होता. “फिरत्या बैलांत नवा बैल जोडायचा, पन पात थांबवायची नाय.”

तेव्हा खूश झालेले साहेब आता चारचौघांत म्हणाले, “कडं अजून कागदावरच आहे, कुशाबा. नुसत्या डब्याच्या चाचणीतच ठिणग्या उडतात, लाट मोडते. उद्या असं झालं तर जमवलेले सगळे कण कड्याच्या भिंतीवर आपटतील. तुमच्या कामात खोट आहे.”

“खोट? नाचता येईना, अंगण वाकडं! आळीदेखत कापतो डबा. खोट निघाली तर ही हातोडी सावित्रीत टाकीन!”

करवत चालली. डबा उघडला. आत, सांध्याच्या कोपऱ्यात, झाळताना वितळलेल्या डाखात रुतलेले पाच दाणे होते, जळून कोळसा झालेले.

बायको तुळसा दारातून म्हणाली, “मीच टाकलं तांदूळ. तुमी भाता मारत व्हतात तवा. रिकामं भांडं कवा दिलंय आपण? तुमच्या आयशीनंच शिकवलंय मला.”

कुशाबा तिच्यावर ओरडला, साहेबांवर ओरडला, बघ्यांना त्यानं हाकललं. पण तिचं चुकलं असं त्याला म्हणता येईना. त्यानं हातोडी उचलली आणि नदीची वाट धरली.

साहेब आडवे आले. “सांध्यात खोट नाही. चूक माझी. आत काही नको, हे मी सांगायला हवं होतं. मला चार डबे हवेत.”

नवा पहिला डबा महिन्याभरात झाला. झाळताना कुशाबानं तुळसाला भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. साहेब तो रिकामा डबा घेऊन एस.टी.त बसले आणि गाडी सुरू झाली, तसा कुशाबा शिव्या देत मागं धावला. खिडकीतून हात घालून त्यानं साहेबांच्या खिशात पाच तांदूळ कोंबले.

“घरी न्या! डब्याजवळ नेलंत तर याद राखा!”