निवडलेली पिसं

आमच्या घराला पक्षी दोनच ठाऊक होते, श्राद्धाचा कावळा आणि कॅलेंडरवरचा मोर. त्यामुळे धाकट्या बहिणीनं तुतवारांवर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा तंजावूरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली आठवडाभर अप्पांचं सांत्वन करून गेली.

तुतवार म्हणजे चिखलात चोच खुपसत पळणारा मूठभर, मातकट पक्षी. थंडीत उत्तरेकडून आमच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांत उतरतो. उत्तरेकडून म्हणजे नेमका कुठून, हे तिला शोधायचं होतं. पायात कडी घालून सोडलेला पक्षी पुन्हा कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. लागलाच तर मिठागरावरची माणसं तो तळून खात. म्हणून ती पिसं घ्यायची. पीस वाढत असताना पक्षी जिथलं खातो-पितो, तिथल्या पाण्याची खूण पिसात उतरते. वाढून झालं की मग ती बदलत नाही. परदेशातल्या यंत्रात पीस जाळलं की ती खूण वाचता येते, असं ती सांगायची. मी बँकेतला कारकून, मान हलवायचो.

रविवारी मी तिचा हमाल. भल्या पहाटे मिठागरावर जाळ्याचा बांबू रोवायला मला न्यायची, कारण वजनात मी तिच्या दुप्पट. एकदा बांबू सरळ उभा राहिला आणि मीच गुडघ्यापर्यंत रुतलो. तिनं आधी पक्षी सोडवला, मग मला.

प्रत्येक पक्ष्याची दोन पिसं. एक जुनं, झिजलेलं, हजारो मैल उडून फाटलेलं. ते उत्तरेत उगवलेलं. दुसरं नवं, तुकतुकीत, इथं आल्यावर उगवलेलं, ताडून पाहण्यासाठी. दोन्ही एका कागदी कवरात, वर पक्ष्याचा नंबर.

इथल्याच एका कॉलेजात तिच्यासाठी जागा जवळजवळ ठेवलेली होती. अट एकच, प्रबंध; आणि तोही तिचे सर निवृत्त व्हायच्या आत. सरांनंतर तिथं तो विषय कुणालाच कळत नव्हता, मला धरून.

शेवटच्या थंडीत मिठागरांवर कोळंबीची तळी आली. बांध पडले, काटेरी तार आली, कुत्रा घेऊन राखणदार आला. कोळंबी परदेशी जाते, डॉलर येतात, असं रोज पेपरात असायचं. तुतवार वर घिरट्या घालून कुठंतरी निघून गेले. हाती होती तेवढीच पिसं उरली.

ती पाठवायच्या सुमाराला बहिणीला कावीळ झाली. सरांच्या ओळखीचे कुणी चेन्नईहून परदेशी निघाले होते, त्यांच्या हाती पार्सल द्यायचं होतं. मी तिकीट काढायला गेलो, तेवढ्यात अम्मानं कवरं डब्यात भरून ठेवली. नवऱ्या मुलानं नारळ धरावा तसा तो डबा मी रेल्वेत मांडीवर धरून बसलो. चकल्यांचा डबा समजून शेजारच्यानं विचारलं, "मुरुक्कू काय?"

काही महिन्यांनी रेल्वे फाटकाजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये तिला उत्तर मिळालं. ती आली तेव्हा आम्ही जेवत होतो.

"काय आलं गे?" अप्पांनी विचारलं.

"सगळे पक्षी इथलेच, म्हणतात."

"म्हणजे?"

"प्रत्येक कवरात एकच पीस होतं म्हणे. नवं." ती माझ्याकडे वळली. "दादा, तू कवरं उघडलीस?"

"त्याला काय विचारतेस," रसम वाढता वाढता अम्मा म्हणाली. "त्याला स्वतःच्या शर्टाची घडी उघडता येत नाही. मी उघडली. झिजलेली, किड्यानं खाल्ल्यासारखी होती ती काढून टाकली. परदेशी पाठवायचं आणि असलं? अक्षतेत तुकडा चालतो काय? एकेक कवर निवडून दिलं हो मी."

"काढलेली कुठं ठेवलीस?"

"ठेवायला दागिने काय ते? वेन्नीरच्या चुलीत घातली, अंघोळीचं पाणी तापत होतं तिथं. घरभर वास. तू तापात होतीस, तुला काय कळणार. त्याच ऊन पाण्यानं तुझं अंग पुसलं मी."

बहिणीनं भात कालवला. मग म्हणाली, "रसम छान झालंय, अम्मा."

माझं तोंड एरवी बंद नसतं. त्या दिवशी ते जेवत होतं.

अंगणात हात धुताना ती मला एवढंच म्हणाली, "तिला कळता कामा नये." पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. सर निवृत्त झाले, जागा दुसऱ्या कुणाला गेली. ती ओरत्तनाडूच्या शाळेत लागली. रोज बसनं जाऊन झुरळाची पचनसंस्था शिकवायची. गल्लीत अम्मा सांगायची, "पोरीच्या हुशारीची कदर नाही हो कुणाला. इतकं निगुतीनं पाठवलं होतं, मी स्वतः बसून." बहीण शेजारी असली तर मान हलवायची. तिचं मान हलवणं माझ्यासारखं नव्हतं, तिला सगळं कळत होतं.

अम्मा अंथरुणाला खिळली ते तिचं शेवटचंच. बहीण शाळेतून आली की ऊन पाण्यात फडकं पिळून तिचं अंग पुसायची. मी दाराशी उभा राहून उगाच बादली धरायचो. एका संध्याकाळी अम्मानं डोळे उघडले.

"तुझे ते पक्षी, कुठले ते शेवटी कळलंच नाही की गे."

बहिणीनं फडकं पिळलं. "कळलं की, अम्मा. इथलेच."

"बघ," अम्मा म्हणाली. "निवडून पाठवलं, म्हणून."