गिरणीशेजारची खोली

आमच्या कवठे येमाईत कुणाच्या घरात डोक्याचा आजार आला, की ते घर आधी दार लावून घेतं. ताप आला तर सगळ्या गल्लीला सांगतील, पण पोरगा स्वतःशीच बोलायला लागला तर सख्ख्या भावालाही कळू देणार नाहीत. मी इथं शाळेत शिकवते, रोहिदासच्या पिठाच्या गिरणीसमोर भाड्यानं राहते. ललिताला मी खिडकीतूनच पहिल्यांदा पाहिलं.

ललिता बौद्ध वस्तीतली. नवरा गेल्यावर शिवणकाम करायची. एका संस्थेनं सरकारी निधीवर शिरूर आणि दौंडच्या गावांसाठी मानसिक आरोग्याचा कार्यक्रम काढला, त्यात तिला आमच्या गावासाठी घेतलं. घरोघरी जायचं, कोण आजारी आहे ते हेरायचं, महिन्यातून एकदा डॉक्टर येईल तेव्हा त्यांना आणायचं, मधल्या काळात गोळ्या पोचवायच्या. कागदावर सोपं वाटतं. पहिले काही महिने तिला कुणी दारातही उभं केलं नाही. एका आजीनं तर तिच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं.

मग बाईनं डोकं चालवलं. रोहिदासच्या गिरणीला लागून एक खोली रिकामी होती, ती तिनं मागून घेतली. दळणाला कोण जातं, कशाला जातं, हे कुणी विचारत नाही. बायका डबा रांगेत ठेवायच्या, नंबर येईपर्यंत हळूच शेजारच्या खोलीत शिरायच्या. गिरणीचा आवाज एवढा, की आत कुणी हंबरडा फोडला तरी बाहेर ऐकू यायचा नाही. गोळ्यांची पुडी पिठाच्या डब्यात घालून घरी जायची. ललिताचा एकच नियम होता. बाहेर भेटलं तर ओळख दाखवायची नाही, तिनंही नाही आणि त्यांनीही नाही. माझ्या डोळ्यांदेखत बायका तिच्या अंगावरून अनोळख्यासारख्या निघून जायच्या, आणि ललिता मजेत पानाला चुना लावत बसायची. मी एकदा चिडवलं, "काय गं, अख्ख्या गावाशी तुझं भांडण झालंय का?" तर म्हणाली, "बाई, जितकं जास्त भांडण दिसतंय, तितकं माझं काम बरं चाललंय समजा."

विठाबाईचा मच्छिंद्र तिच्यामुळेच माणसांत आला. विठाबाई मराठ्यांची, ताठ कण्याची बाई. पोरगा मागच्या खोलीत बसून असायचा, त्याला कुणीतरी सतत शिव्या देतंय असं ऐकू यायचं. आई त्याला खिडकीतून भाकरी द्यायची आणि गावाला सांगायची की तो सुरतेला कामाला आहे. ललितानं तिला गिरणीपर्यंत आणायला एक अख्खा उन्हाळा घालवला. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले. पुढच्या वर्षी मच्छिंद्र रांजणगावला कंपनीत कंत्राटी कामाला लागला. गावाला वाटलं, सुरतेहून आला. विठाबाईचा चेहरा मी तेव्हा पाहिलाय. आठवला की अजून बरं वाटतं आणि लगेच संतापही येतो.

कारण पुढं सत्यजीत सर आले. हे कार्यक्रमाचे समन्वयक, इस्त्रीच्या शर्टातले, गोड बोलणारे. दौंडला मंगल कार्यालयात मोठा मेळावा होता. ललिताला म्हणाले, "ताई, वरून अधिकारी येणार आहेत. एखादा बरा झालेला माणूस स्टेजवर बोलला ना, तर निधी पुढं चालू राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

ललिता नाही म्हणाली. दुसऱ्यांदाही नाही म्हणाली. मग सर म्हणाले, "तुमच्या एका नाहीमुळं सगळ्यांच्या गोळ्या बंद झाल्या तर चालेल का? फोटो बाहेर जाणार नाही आणि गोळ्याही बंद होणार नाहीत, हा माझा शब्द." तो शब्द ललितानं जसाच्या तसा उचलून विठाबाईच्या ओटीत टाकला.

विठाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाई. पर तू म्हणती तर जाऊ दे त्याला. दुसऱ्यांच्या लेकरांच्या बी गोळ्या हायेत."

मच्छिंद्र बोलला, आणि काय बोलला! त्या शिव्यांबद्दल, खिडकीतल्या भाकरीबद्दल. सभागृहात लोक डोळे पुसत होते. अधिकाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ललिता त्या दिवशी घरी येताना माझ्यासाठी पेढे घेऊन आली होती. "बाई, आता काय चिंता न्हाई," म्हणाली.

आठवडाही झाला नाही तोच शिरूरच्या एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. मच्छिंद्रचा हसरा चेहरा दारापेक्षा मोठा, आणि खाली, 'मी मानसिक आजारातून बरा झालो, तुम्हीही व्हा.' आमच्या गावची एसटी तिथंच लागते. ललितानं भर स्टँडवरून सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो ताई, जनजागृती आहे ती. लाजायचं काय त्यात?" दुसऱ्याच्या पोराचा चेहरा टांगायला लाज कशाला लागते, हे मलाही पटलं.

कंपनीतल्या ठेकेदारानं मच्छिंद्रला घरी पाठवलं. मशीनवर असला माणूस नको म्हणाला.  ललिता विठाबाईच्या दारात जाऊन रडली, तर उलट विठाबाईनंच समजावलं, "रडू नकू. गोळ्या तर हायेत ना? मग दुसरं काम मिळंल त्याला."

त्या एका वाक्यावर ललिता पुढं दीड-दोन महिने चालली. मग एके सकाळी मोबाईलवरच्या ग्रुपात संदेश आला. पुढील मंजुरी न मिळाल्यानं कार्यक्रम थांबवण्यात येत आहे, सर्वांनी ओळखपत्रं आणि उरलेली औषधं जमा करावीत, आपल्या योगदानाबद्दल आभार. त्याच्या खालीच दिसलं, सत्यजीत सरांनी ग्रुप सोडलाय. त्यांना म्हणे दुसरीकडं चांगली जागा मिळाली. त्या जागेची बोलणी मेळाव्याच्या आधीच चालली होती, हे दौंडच्या एका कार्यकर्तीनं ललिताला सांगितलं. ते ऐकून ती तडक माझ्याकडं आली. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं बाई. ठाऊक होतं आन् माझ्याकडून शब्द देववला."

ती तालुक्याच्या कचेरीत गेली, जिल्ह्याला गेली. सगळीकडं एकच उत्तर, वरून निधी नाही. हे 'वर' कुठं आहे ते मला सापडलं तर मी स्वतः शिडी लावून चढेन. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असा सल्ला मिळाला. पहिल्यांदा ललिता मच्छिंद्रला घेऊन गेली, दिवसभर रांगेत उभी राहिली. पुढच्या खेपेला शिरूरला तो पुण्याच्या एसटीत चढलाच नाही. स्टँडवर फ्लेक्स तसाच होता. त्याच्याखाली उभं राहून टवाळ पोरं फ्लेक्सवरचा चेहरा मच्छिंद्रच्या चेहऱ्याशी ताडून बघत हसली. तो पायी घरी आला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला.

त्यानंतरची गोष्ट माझ्या समोरची आहे. ललिता आता पुन्हा शिवणकाम करते. ती दळण घेऊन गिरणीवर आली होती. रांगेत बऱ्याच बाया होत्या. विठाबाई रिकाम्या हातानं आली. रोहिदासला म्हणाली, "गिरणी बंद कर जरा." त्यानं मुकाट्यानं बटण दाबलं. पट्टा फिरायचा थांबला आणि सगळीकडं शांत झालं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विठाबाई चारचौघींत ललिताशी बोलली. चांगलं मोठ्यानं बोलली.

"ललिता, माझ्या मच्छिंद्राला पुन्यांदा आवाज येत्यात. खिडकीतनं भाकर देते मी. गोळ्या कवा आनतीस?"

ललितानं हातातला डबा खाली ठेवला.

"आता काय लपवायचंय? तुमी त्याला स्टँडावर टांगलाच की. म्हणून म्हटलं, गावादेखत इचारावं. तुझा शब्द व्हता ना?"

"व्हय मावशी," ललिता एवढंच म्हणाली. "माझाच व्हता."

सरांचं नाव तिनं घेतलं नाही. त्या रांगेत आणखी तिघी अशा होत्या, ज्यांच्या डब्यांतून त्याच गोळ्या घरी जायच्या आणि ज्यांच्या घरी आता त्या संपल्या होत्या. मला खिडकीतून ते ठाऊक होतं. तिघीही खाली मान घालून पीठ बघत होत्या. ललितानं नुसती नजर जरी वळवली असती, तरी विठाबाईला कळलं असतं की ती एकटी नाही.

ललितानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिचा नियम होता तो. आपला डबा उचलून, दळण न करताच, ती घरी गेली.