वखारीतली फळी

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मुलुंडला सासऱ्यांची लाकडाची वखार होती आणि तिच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. हे दिवसा एका इंजिनिअरच्या कचेरीत नकाशे काढायचे, संध्याकाळी डिप्लोम्याचा अभ्यास. एका पेपरात ते नापास झाले होते. तुळईवर वजन ठेवलं की तिच्या दोन टेकूंवर किती किती भार येतो, आणि टेकू तितक्याच जोरानं तिला वर कसे ढकलतात, याची ती गणितं. त्या ढकलण्याला ते रिॲक्शन म्हणत.

"सूत्र पाठ आहे गं," ते म्हणाले, "पण टेकू ढकलतो हेच पटत नाही. तो तर नुसता उभा असतो."

मी मॅट्रिक झालेली, गणिताची वेडी. मी सुचवलं, वखारीत दोन वजनकाटे आहेत, त्यांनाच टेकू करू या.

रविवारी वखार बंद. मामंजींना भीतभीतच विचारलं. आधी ते हसले, मग स्वतःच लांब सागवानी फळी काढून आणली. दोन काट्यांवर दोन ठोकळे, त्यांवर फळी. हे वर चढले. एका काट्याशी मी, दुसऱ्याशी मामंजी. हे मधोमध उभे, तेव्हा दोन्ही काटे सारखे. माझ्या बाजूला सरकले की माझा काटा चढे, मामंजींचा तेवढाच उतरे. बेरीज मात्र हलेना. मग मी पाटीवर आकडा आधी काढायचा आणि मगच यांनी पाऊल टाकायचं, असं सुरू झालं. आकडा जुळला की माझ्या अंगावर काटा यायचा.

मग पुस्तकातलं अवघड गणित घेतलं. फळी सरकवून माझ्या बाजूनं टेकूच्या बाहेर काढली. हे त्या बाहेरच्या भागावर निघाले तसा मामंजींचा काटा उतरत उतरत शून्यावर आला. पुढच्या पावलाचं उत्तर मी काढलं, तर ते वजा आलं. पुन्हा केलं, पुन्हा वजा.

"थांबा," मी म्हटलं. "आता तिकडचा टेकू ढकलून चालायचं नाही. त्यानं फळी खाली धरून ठेवायला हवी, नाहीतर पडाल."

मामंजी फळीच्या आपल्या टोकावर मांडी ठोकून बसले.

"जा रे आता," ते म्हणाले.

हे अगदी कडेपर्यंत गेले. फळी जागची हलली नाही. तिथूनच त्यांनी वळून बापाकडे पाहिलं आणि हसत सुटले. "पटलं," म्हणाले.

त्यानंतर मामंजींनी मला चढायला लावलं. पदर खोचून मी त्या फळीवर चालले; पायाखाली ती किंचित लवत होती आणि खाली बापलेक काट्यांवर वाकून माझा आकडा ओरडून सांगत होते. दुपारचं जेवण राहूनच गेलं.

त्या वर्षी हे पास झाले. पुढच्या धड्यांची गणितं मी त्यांच्या आधी सोडवू लागले, आणि संध्याकाळी कचेरीतून आल्या आल्या ते चहाच्याही आधी पाटी मागायचे.