पॅकिंगच्या बाजूचे वाल

"एवढंच म्हणता येतं, मावशी. याच्या पुढं नाही." असं बोलून म्याडम चष्मा काढायची नि ओढणीला पुसत बसायची. तुमी असता तर तुमचं पन डोकं फिरलं असतं.

कर्जतच्या कॉलेजात ती आकडेशास्त्र शिकवायची. साजगावात माज्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायची नि भाकरी माज्या चुलीपुढं बसून खायची.

माजी सून कारखान्यात ॲसिडच्या खोलीत काम करते. लोखंडाचे भाग ॲसिडात बुडवून धुवायचे. मी पन तिथंच छाती जाळून घेतली. आमी बायांनी वाफ भाईर काढायला पंखा मागितला, तर साहेब म्हनतो, "खोकला पॅकिंगच्या बायांना पन हाय. तिथं कुठं ॲसिड हाय? तुमच्या चुलींचा धूर तो."

मी तणतणत घरी आली. म्याडम म्हणाली, "मोजून बघू."

घरोघर फिरून तिनं विचारलं. मग माज्या ओट्यावर खडूनं चार घरं काढली. ॲसिडच्या खोकणाऱ्या, न खोकणाऱ्या. पॅकिंगच्या खोकणाऱ्या, न खोकणाऱ्या. एका बाईचा एक वाल. बाजूला आनखी चार घरं काढली.

"ही कशाला गं?"

"खोलीचा काही संबंध नसता तर वाल असे पडले असते. खरे कसे पडलेत ते याच्याशी ताडायचं. थोडा फरक असाच पडतो, मावशी. फार मोठा पडला तर तो असाच पडला असं म्हणवत नाही."

पुस्तकात या ताडण्याला काय-वर्ग चाचणी म्हनतात म्हने. तिनं कागदावर गणित केलं नि मान हलवली. "फरक नाही. साहेब म्हणतात तसंच दिसतंय."

"माज्या घरात राहून साहेबाची बाजू घेतेस? उद्यापासून तुजं जेवान तूच बघ!"

माजी जाऊ शेजारी वाल सोलत होती. ती हसली, "लई शिकलेली गं तुजी म्याडम!"

म्याडम उठली नाय. "खोट्या आकड्यावर पंखा मागितला तर साहेब एका फुंकरीत उडवतील," म्हणाली. पॅकिंगच्या वालांकडं बघत बसली. मग हळूच विचारलं, "या खोकणाऱ्या आधी कुठं होत्या?"

"कुठं म्हंजी? आमच्याच खोलीत. खोकला वाढला की साहेब पॅकिंगला टाकतो. बसून काम. आमी त्याला बढती म्हनतो."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुठं?"

तिनं एकेक वाल उचलून ॲसिडच्या घरात ठेवला. पॅकिंगच्या खोकणाऱ्यांचं घर जवळजवळ रिकामं झालं. परत गणित केलं. या वेळी तिचे कान लाल झाले. "हे असंच पडलं असं आता नाही म्हणता येणार."

"म्हंजी ॲसिडनंच केलं ना? बोल की मग!"

"खोकल्याचा नि त्या खोलीचा संबंध दिसतो. एवढंच म्हणता येतं."

माजा संताप झाला. आमच्या छात्या सडल्या नि हिच्या तोंडातून एक शब्द जास्त निघंना!

कागद घेऊन ती साहेबाकडं गेली. मी पन गेली. त्यानं चहा मागवला, कागद चाळला. "ॲसिडनंच झालं, असं तुमचं गणित म्हणतं का, म्याडम?"

"नाही."

"मग झालं तर."

"पंखा लावायला एवढं पुरे आहे, साहेब." तिनं खुर्ची सोडली नाय.

तो हसला. ते हसू मला अजून टोचतं. पंखा काय लागला नाय.

म्याडम कॉलेजात तासाच्या पगारावर होती, कायम नाय. पुढच्या वर्षी तिला घेतली नाय. टेंपोत पुस्तकं घालून गेली. मागची खोली तशीच बंद हाय.

परवा सून कामावरनं आली, चप्पल काढायच्या आदीच दारातनं ओरडली, "आई, माजी पॅकिंगला बदली झाली! उद्यापासून!"

कित्ती हसत होती. मी तिला जवळ ओढली नि तिच्या पाठीला कान लावला.