मेंदीखालची बोटं

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोरीचा हात उचलला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "हे काय?"

मेंदी. बोटांची टोकं नखांसकट लालभडक माखलेली.

पोर आठ वर्षांची. तिला बारीक रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार. त्या दिवशी नखाच्या बुडाशी तेलाचा थेंब टाकून, तिथल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या दुर्बिणीतून बघायच्या होत्या. सूज उतरली असेल तर गोळ्या कमी होणार, वाढली असेल तर सलाइनमधून जालीम औषध. आष्टीहून पहिल्या बसने वर्ध्याला आलो होतो ते एवढ्यासाठीच.

"या रंगाखाली मला काय दिसणार, सांगा!"

"लग्न होतं जी नणंदेचं," मी म्हटलं. "पोरीनं हट्टच धरला."

लग्न खरं, पण हट्ट सपशेल खोटा. पोरीची बोटं लग्नाच्या चार दिवस आधीपासून निळसर दिसत होती, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. 'काय झालं व पोरीले? पुढे हिचं लग्न कसं होईन?' हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. म्हणून मीच वाटीतली मेंदी घेतली आणि बोटांची टोकं माखून टाकली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय!

बाई एकेक बोट दुर्बिणीखाली धरत होत्या आणि मान हलवत होत्या. डाव्या हाताची करंगळी आली तशा त्या थांबल्या. तिच्यावर रंग जवळजवळ नव्हताच.

"ही कशी सुटली गं?"

पोर माझ्याकडे बघेना. "लई आग होऊन राह्यली होती. मेंदी ओली होती तवाच फ्राकाले पुसली."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?" माझा आवाज चढला.

"तूच म्हणाली होती ना, बोटाचं कोणाले सांगू नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. रक्तवाहिन्या फुगल्यात, मधेमधे तुटल्यात, रक्ताचे ठिपके आहेत, म्हणाल्या. आजच भरती करा.

तेव्हा मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. बोटं कधी निळी पडली, मेंदी कोणी लावली, सगळं. बाई लिहून घेत होत्या.

पोरीनं माझा पदर ओढला. तिनं एका पायातला मोजा काढून हातात धरला होता.

"आई, आता पायाचं बी सांगू का?"